सुटलेली दरड झाडाला जुमानत नाही

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे बद्रीनाथच्या पुढे, माणा गावाजवळ, डोंगरावरून बर्फ सुटला आणि रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांच्या छावणीवर आला. ५४ जण अडकले. लष्कर, आयटीबीपी आणि बाकीच्या यंत्रणांनी तीन दिवस खणून ४६ जणांना वाचवलं, आठ जण गेले. ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पांढऱ्या उतारात अर्धे गाडले गेलेले लोखंडी कंटेनर, फावडी घेतलेले जवान. पाहिले असतील आणि अंगठा सरकवून पुढे गेला असाल. त्यात गैर काही नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे बर्फ म्हणजे होडीत मासळीवर टाकायचा बर्फ. हिमस्खलनाचं आपल्याला काय?

पण त्याच आठवड्यात एखाद्या संध्याकाळी तुम्ही पोयनाडहून किंवा रोह्याहून एसटीने घरी येत असाल, तर खिडकीतून आणखी एक दृश्य दिसलं असेल. डोंगराच्या अंगावर वाकडीतिकडी जळती माळ. वणवा. होळीच्या आधीपासून सुरू होतो तो मे अखेरपर्यंत कुठे ना कुठे चालूच असतो. माणाचा बर्फ आणि आपला वणवा या दोन बातम्या एकाच प्रश्नाशी जोडलेल्या आहेत. उतारावरची झाडं उताराला धरून ठेवतात का? ठेवत असतील तर कुठपर्यंत? रायगड जिल्ह्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न पर्यावरणाच्या पेपरात पाच मार्कांना येतो तेवढाच नाही. गेल्या वीस वर्षांत या एका प्रश्नाभोवती इथे शेकडो माणसं गेली आहेत.

आधी बर्फाकडे बघू, कारण जंगल आणि उतार यांचं नातं माणसांनी सगळ्यात बारकाईने अभ्यासलं ते बर्फाच्या बाबतीत.

हिमस्खलन म्हणजे डोंगरावरचा बर्फ अचानक वितळून खाली येणं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. बर्फ थरांनी साचतो. एका थराखालचा थर कधीकधी साखरेच्या दाण्यांसारखा भुसभुशीत राहतो आणि वरचा घट्ट थर त्यावर नुसता टेकलेला असतो. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असला की वरची अख्खी लादी तडकून एकदम निसटते. आता याच उतारावर दाट जंगल आहे असं समजा. पडणाऱ्या हिमातलं बरंचसं फांद्यांवरच अडकतं, नंतर गठ्ठ्यांनी खाली पडतं. त्यामुळे जमिनीवर एकसंध लादी तयारच होत नाही, ओबडधोबड ढिगारे होतात. त्यात खोडं खुंट्यांसारखी उभी असतात. थोडक्यात, जंगल हिमस्खलन सुरू होऊ देत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी शेतकऱ्यांना हे पुस्तकं नसताना कळलं होतं. तिथल्या उर्सेरन खोऱ्यातल्या लोकांनी १३९७ साली अँडरमॅट गावाच्या डोक्यावरच्या जंगलाला चक्क बंदी घातली, तिथून कोणी लाकूडफाटा न्यायचा नाही. तो लेखी करार आजही प्रसिद्ध आहे. आपल्या देवराईची आठवण होते ना? तिथे देवाच्या धाकाने, इथे कराराच्या, पण रान राखायचं ते गावाच्या जिवासाठी. पुढे १८७६ साली स्वित्झर्लंडने डोंगराळ जंगलांसाठी देशपातळीवर कायदा केला. आज त्या देशातलं जवळपास निम्मं जंगल ‘संरक्षक जंगल’ म्हणून धरलं जातं. लाकडापेक्षा खालची गावं, रस्ते आणि रेल्वे वाचवणं हे त्याचं पहिलं काम.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता तिचा उरलेला अर्धा भाग. १९५०-५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये प्रचंड हिम पडलं आणि एकट्या स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनांनी ९८ माणसं मेली. त्यातली मोठी हिमस्खलनं जंगलाच्याही वर, जिथे झाड उगवतच नाही तिथे सुटली होती. जंगलापर्यंत पोचेपर्यंत त्यांना असा वेग आलेला होता की मोठाली खोडं काडीसारखी मोडली. मोडलेली खोडं मग बर्फाबरोबर खाली आली. जी झाडं ढाल म्हणून उभी होती तीच हत्यार बनली. त्यानंतर स्विस लोकांनी जंगल राखणं सोडलं नाही. पण जिथे बर्फ सुटतो त्या उंचावरच्या जागी पोलादी अडसर बसवायला सुरुवात केली आणि खाली कुठे घर बांधायचं नाही याचे नकाशे काढले.

हिमालयात हेच जरा वेगळ्या तऱ्हेने दिसतं. जिथे दरवर्षी बर्फ घसरतो त्या पट्ट्यात देवदार मोठा होतच नाही. तिथे भूर्जासारखी लवचिक झाडं आणि झुडपं टिकतात, ज्यांच्या सालीवर जुने ग्रंथ लिहिले तोच हा भूर्ज. बर्फ वरून गेला की ती आडवी होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतात. खोडाला झालेली जखम वर्षवलयांत राहते, म्हणून संशोधक खोडाचा नमुना काढून सांगू शकतात की या वाटेने बर्फ कोणत्या साली आला होता. म्हणजे उतारावरचं रान नुसतं उताराला धरत नाही, उतारावर काय घडून गेलंय याची नोंदही ठेवतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घरी येऊ.

२५-२६ जुलै २००५. मुंबईत मिठी नदी तुंबली ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वेळी महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा तुमच्यातल्या बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. २२ जुलै २०२१, पुन्हा महाड तालुका, तळिये. दुपारी डोंगराचा एक भाग उतरला आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. ज्या सावित्रीच्या काठी महाड वसलंय तिच्या उगमाशी, महाबळेश्वरला, त्या वेळी २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मग १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी.

इर्शाळगडाचा सुळका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. पनवेल-कर्जत गाडीतून दिसतो. ट्रेकला गेलात तर वाट वाडीतूनच जायची. ठाकूर समाजाची वस्ती, पन्नासच्या आसपास घरं, वर यायला रस्ता नाही, पायवाट. तीन दिवसांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. रात्री अकराच्या सुमारास गडाखालचा उतार सुटला आणि वाडीचा मोठा भाग त्याखाली गेला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण मिळालेच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला, कारण जेसीबी वर नेता येत नव्हता आणि चिखलात फावड्याने किती खणणार? वाडीच्या शाळेत रात्री मोबाइल बघत बसलेली काही मुलं होती, ती वाचली आणि त्यांनीच खाली खबर पोचवली. तुमच्याच वयाची, थोडी लहान.

त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरत होते. पहिला, ‘झाडं तोडली म्हणून दरड आली, आता तरी झाडं लावा.’ दुसरा याच्या बरोबर उलट, ‘इर्शाळवाडीच्या वर तर हिरवंगार रान होतं, तळियेलाही होतं. म्हणजे जंगलाचा आणि दरडीचा काही संबंध नाही.’ पहिला मेसेज भाबडा आहे. दुसरा मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यावर कोणी डोंगर फोडून प्लॉटिंग करायचं म्हटलं तर त्याला आयतं उत्तर मिळतं.

खरं काय होतं ते बघा. आपला डोंगर म्हणजे काळा कातळ, त्यावर कुजून मऊ झालेला दगड आणि सगळ्यात वर मातीचा थर. कोकणातल्या पावसात हा मऊ थर अनेक ठिकाणी चांगला जाड असतो. झाडाची बहुतेक मुळं वरच्या एक-दोन मीटरमध्ये असतात. काही मुळं कातळाच्या फटीत शिरतात आणि खुंटीसारखं काम करतात. तेवढ्या खोलीपर्यंत जंगल खरोखर माती धरून ठेवतं. छोट्या घसरणी, रस्त्याकडेला पडणारा चिखल, बांध फुटणं, यांत रान असणं आणि नसणं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पण घसरण जर चार, पाच, आठ मीटर खाली, मऊ थर आणि कातळ यांच्या सांध्यावर होणार असेल तर मुळं तिथे पोचतच नाहीत. मग झाडं, माती, दगड, सगळं एकत्र येतं.

पाण्याचंही असंच दुधारी आहे. जंगलातली जमीन भुसभुशीत, पालापाचोळ्याने झाकलेली, म्हणून पाणी वाहून जाण्याऐवजी मुरतं. जूनमध्ये हे आपल्या फायद्याचं, झरे आणि विहिरी त्यावरच जगतात. पण जुलैत सलग तीन दिवस अतिवृष्टी झाली की आत मुरलेलं पाणी कातळावर अडतं आणि वरच्या थराला आतून उचलू लागतं. एरवी झाडं जमिनीतलं पाणी ओढून हवेत सोडतात आणि उतार कोरडा ठेवतात. मात्र ऐन पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की हे काम जवळजवळ थांबतं. ज्या दिवशी मदत सगळ्यात जास्त हवी त्या दिवशी झाडाचा हा हात बांधलेला असतो.

म्हणून बर्फाचा नियम इथेही लागू पडतो असं माझं म्हणणं आहे. उताराचे तीन भाग करून पाहा: दरड सुटते कुठे, धावते कुठून आणि थांबते कुठे. सुटण्याच्या जागी जंगल असलं तर सुटण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. धावण्याच्या वाटेवर जंगल असलं तर छोटी दरड अडते, मोठी दरड ते जंगलच घेऊन येते. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये हेच झालं. डोंगरात खूप वर सुटलेली दरड नदीचं पात्र धरून मैलोन् मैल आली आणि चूरलमला, मुंडक्कईमध्ये २५० हून अधिक माणसं गेली. पुलाजवळ साचलेल्या ओंडक्यांचे फोटो आठवत असतील. आणि थांबण्याच्या जागी? तिथे जंगल असून नसून काय, तिथे माणसं राहत होती. मोठ्या दरडीत किती माणसं मरतात हे शेवटी खालची वस्ती कुठे आहे यावर ठरतं.

मग वणवा कशाला महत्त्वाचा? कारण तो पहिल्या भागावर, सुटण्याच्या जागेवर घाव घालतो. आपला वणवा कॅलिफोर्नियासारखा झाडांच्या शेंड्यांवरून पळत नाही, तो जमिनीवरून सरपटतो. मोठा आंबा, ऐन, किंजळ त्यातून वाचतात, म्हणून वरवर पाहता ‘जंगल तर आहे’ असंच वाटतं. जळतं ते खालचं. पाचोळा, गवत, करवंदीची जाळी आणि मुख्य म्हणजे दोन-तीन वर्षांची रोपं. दरवर्षी रोपं जळाली की जुनं झाड पडल्यावर त्याची जागा घ्यायला कोणी उरत नाही. वीस-तीस वर्षांत डोंगर गवताळ होतो, तुरळक पळस आणि सागवान दिसतं, आणि गवताची मुळं जेमतेम वीतभर. पेणपासून अलिबागपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर मार्चमध्ये नीट बघा. काळे पट्टे कुठे आहेत आणि त्याच्या खाली कुणाची घरं आहेत, एवढंच मोजा.

कॅलिफोर्नियाचं नाव घेतलंच आहे तर सांगतो. मॉन्टेसिटो नावाचं गाव आहे तिथे, श्रीमंतांचं. डिसेंबर २०१७ मध्ये वरचे डोंगर जळाले. महिनाभराने, ९ जानेवारी २०१८ ला जोराचा पाऊस आला आणि जळलेल्या उतारावरून चिखल-दगडांचा लोंढा गावात घुसला. २३ माणसं गेली. आपल्याकडे वणवा आणि पाऊस यांत दोन-तीन महिने जातात, थोडंफार गवत उगवतं, त्यामुळे इतकं थेट गणित नसतं. पण दिशा तीच.

दुसरी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. झाड मेलं किंवा तोडलं की त्याची मुळं लगेच कुजत नाहीत. आधी काही वर्षं ती मेलेल्या अवस्थेतही माती धरून ठेवतात. पुढे कुजत जातात आणि नवीन झाडांची मुळं तेवढी वाढलेली नसतात, तेव्हा मधला काही वर्षांचा काळ असा येतो की उतार सगळ्यात कमकुवत असतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागात सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या, ते नुकसान पंचनाम्यात आलं. पण डोंगरावर जी रानझाडं उन्मळली त्यांचा पंचनामा कोण करणार? बागेत लोकांनी पुन्हा सुपारी लावली. डोंगरावर त्या जागी काय उगवलंय, की दरवर्षीच्या वणव्याने काहीच उगवू दिलं नाही, हे कोणी जाऊन बघितलंय का? माझ्या मते भूगोल किंवा वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हा प्रोजेक्टचा तयार विषय आहे. दरवेळी ‘प्लास्टिक प्रदूषण : एक अभ्यास’ कशाला?

आता वणवा लावतं कोण, यावर पटकन बोट दाखवलं जातं ते डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांकडे. थांबा जरा. काही वणवे शिकारीसाठी लागतात, काही चांगलं गवत यावं म्हणून, काही भाताच्या राबाची आग हाताबाहेर गेल्याने, काही ट्रेकला आलेल्यांच्या चुलीने आणि सिगारेटने. आणि काही जागा मोकळी दिसावी म्हणूनही लागतात. अटल सेतू झाल्यापासून अलिबाग-उरणच्या डोंगरउताराच्या जमिनींना काय भाव आलाय हे तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. ‘सी व्ह्यू’ हवा म्हणून डोंगराची सोंड कापायची, मुरूम काढून खालची शेती भरायची आणि वर बंगले. उताराचा पायथा असा कापला की वर कितीही झाडं असली तरी उपयोग नसतो. भिंतीच्या खालच्या दोन विटा काढल्यावर वरच्या विटांना चुना नीट लावलाय की नाही याला काय अर्थ?

जंगल कुणाचं, हा वाद इथे नवा नाही. उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरात जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. सरकारने घातलेल्या बंदीविरुद्ध लोक उठले होते. दुसरीकडे मुरूडजवळचं फणसाड टिकलं ते जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान म्हणून, आज ते अभयारण्य आहे. आतला अंजनीचा दाट पट्टा आणि झाडावरून झाडावर गेलेल्या गारंबीच्या वेली पाहिल्यात तर किनाऱ्यालगतचे आपले डोंगर मुळात कसे असतील याची कल्पना येते. म्हणजे बंदीने रान वाचतं हेही खरं आणि बंदीने लोक तुटतात हेही खरं. अँडरमॅटच्या लोकांना हा पेच पडला नाही, कारण बंदी घालणारे आणि जंगलाखाली राहणारे तेच होते.

आपल्याकडे काय चाललंय? वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ ला, केंद्राने पश्चिम घाटातल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा काढला. सहाव्यांदा. सहा राज्यांत मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, आणि आपण अजून मसुद्यातच. गाडगीळ समितीचं म्हणणं होतं की नियम ग्रामसभांशी बोलून, खालून वर ठरावेत. ते तेव्हा अव्यवहार्य ठरवलं गेलं. नंतर जे वरून खाली आलं तेही अंमलात आलं नाही. मग यात व्यवहार नेमका कोणी साधला?

दरडप्रवण गावांची यादी हा याहून जवळचा विषय. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती, हे तेव्हा सरकारनेच सांगितलं. यादी करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. भूवैज्ञानिकांची माणसं मोजकी, डोंगर अनंत आणि छोट्या वाड्यांची नावं नकाशात नीट नसतात. पण वाडीतली म्हातारी माणसं नकाशात नसलेलं बरंच काही सांगतात. कुठला पऱ्ह्या मागच्या पावसात गढूळ आला. कुठे नवीन झरा फुटला. कुठल्या शेतात लांबलचक भेग पडली आणि दिवाळीपर्यंत बुजली नाही. हिमालयातली झाडं जशी खोडात बर्फाची तारीख ठेवतात तसं इथेही उतारावर पाहता येतं. बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वर गेलेली झाडं एकाच पट्ट्यात ओळीने दिसली, तर खालची माती वर्षानुवर्षं हळूहळू सरकत असण्याची शक्यता असते. एका वाकड्या झाडावरून काही सिद्ध होत नाही. पण दहा झाडं, एक भेग आणि एक नवा झरा एकाच उतारावर असेल तर तलाठ्याकडे आणि तहसीलदाराकडे लेखी अर्ज द्यायला पुरेसं आहे. अर्जाची पोच घ्या. फोटोवर तारीख आणि लोकेशन असू द्या.

आणि एनएसएसचं वृक्षारोपण. यावर लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतं, कारण मीही त्या फोटोंत उभा आहे, हातात रोप, मागे बॅनर. आम्ही जुलैत लावलेल्या रोपांपैकी बरीचशी पुढच्या मार्चच्या वणव्यात गेली. कुणी परत बघायलाही गेलं नव्हतं, मी धरून. रोप लावायला एक दिवस पुरतो. त्याभोवतीचं गवत काढून जाळरेषा आखायला फेब्रुवारीत तीन-चार दिवस राबावं लागतं आणि त्याचा फोटो काही खास येत नाही. काय लावलं तेही महत्त्वाचं. भराभर वाढतं म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की डोंगर हिरवा दिसतो. पण उताराला हवी असते मिसळ. खोल जाणारी मुळं, पसरणारी मुळं, खाली झुडूप, त्याखाली गवत. बांधावर आणि कापलेल्या उतारावर वाळा लावतात जगभर, त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. आपल्याच वाळ्याचं सरबत पितो आपण, उतारावर मात्र लावत नाही.

आणि कारवी. कड्यांच्या खालच्या उभ्या उतारावर, जिथे मोठं झाड टिकत नाही, तिथे कारवी दाटीने उभी असते. ट्रेकला घसरडी वाट लागली की आपण तिलाच धरून चढतो. एका काडीवर भरवसा नसतो, म्हणून मूठभर काड्या एकदम धरायच्या हे पहिल्याच ट्रेकला कोणीतरी शिकवतं. हिमालयात भूर्ज जे काम करतो त्याच्या जवळपासचं काम ही करते, वाकते पण जागा सोडत नाही. तिच्या काड्यांच्या कुडाची घरं अजून काही वाड्यांत आहेत. सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा आपण रील काढायला जातो, मधल्या वर्षांत तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. वणव्याचं असतं.

इर्शाळवाडीच्या लोकांना आता खाली चौकजवळ सिडकोने घरं बांधून दिली आहेत. पक्की घरं, रस्ता, वीज. वर वाडीच्या जागी दगडमातीचा पट्टा आहे आणि त्यावर गवत आणि झुडपं आली आहेत. हळूहळू तो पट्टाही हिरवा दिसू लागेल आणि सुळक्याकडे जाणाऱ्या नव्या पोरांना कोणी सांगितलं नाही तर कळणारही नाही की आपण नेमके कशावरून चालतोय. त्या उतारावर आता काय उगवतंय, कोण जाळतंय आणि सुळक्याखाली शिल्लक राहिलेल्या मातीत नवी भेग आहे का, हे बघायला जायचं असेल तर मे महिना बरा. जूनचा पहिला पाऊस पडला की तिकडे फिरकू नका.